एकमताची यादी, बहुमताचा नकार: अटलांटा २०१२

१३ ऑक्टोबर २०११ रोजी अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या अटलांटा महानगर विभागातल्या एकवीस लोकनियुक्त पुढाऱ्यांनी १५७ वाहतूक प्रकल्पांची यादी एकमताने मंजूर केली. दहा काउंट्यांचे (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा स्थानिक कारभाराचा घटक) अध्यक्ष, प्रत्येक काउंटीतून एक महापौर आणि एकविसावे अटलांटाचे महापौर कासिम रीड. त्यांत डेमोक्रॅट होते, रिपब्लिकन होते. रेल्वेसाठी आयुष्यभर झगडलेले होते आणि रेल्वेचे नाव काढले की मतदार बिथरतात हे ओळखून असलेलेही होते. हा विभाग ज्या विषयावर चाळीस वर्षे भांडत आला, त्यावर एकही मत विरोधात पडले नाही.

साडेनऊ महिन्यांनी, ३१ जुलै २०१२ रोजी, हीच यादी आणि तिच्या खर्चासाठीचा एक टक्का विक्रीकर मतदारांपुढे गेला. सुमारे ६३ टक्के लोकांनी 'नाही' म्हटले.

करवाढीचा कौल हरणे यात नवल काही नाही. नवल तफावतीचे आहे. राज्यपाल बाजूने, राजधानीचे महापौर बाजूने, उद्योगजगत बाजूने, प्रचारावर ८० लाख डॉलरपेक्षा जास्त खर्च, आणि विरोधकांकडे त्या मानाने चिल्लर. प्रश्नही असा, की ज्याचा त्रास प्रत्येक मतदाराला रोज सकाळ-संध्याकाळ होतो. तरीही सव्वीस टक्क्यांचा फरक पडला. त्या वेळी बहुतेकांनी यावर 'मंदी आणि सरकारवरचा अविश्वास' एवढे निदान करून विषय संपवला. ते खोटे नव्हे, पण अपुरे आहे. पुढाऱ्यांमधला समन्वय कागदावर पूर्ण झाला होता आणि जे आधी ठरवायला हवे होते ते ठरलेच नव्हते, असे माझे या प्रकरणाचे वाचन आहे.

आधीचा हिशेब

जॉर्जिया राज्यात १५९ काउंट्या आहेत. प्रत्येकीचे स्वतःचे निवडून आलेले मंडळ, स्वतःचे रस्ते, स्वतःचा कर. आणि तिच्या पोटात पुन्हा स्वतंत्र महापालिका. अटलांटा शहर या पसाऱ्यात लहानच. २०१० च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे ४ लाख २० हजार होती, तर भोवतालच्या दहा काउंट्यांची मिळून सुमारे ४१ लाख. म्हणजे ज्या वाहतूक कोंडीला सगळे 'अटलांटाची कोंडी' म्हणतात, तिच्यात अडकलेल्यांपैकी बहुतेक जण अटलांटात मतदान करत नाहीत.

प्रादेशिक नियोजनाची यंत्रणा मात्र इथे जुनी आहे. अनेक काउंट्यांसाठी सरकारी पैशावर चालणारी नियोजन संस्था इथे १९४७ मध्येच उभी राहिली. तिचेच पुढे १९७१ मध्ये अटलांटा रीजनल कमिशन झाले. १९६२ च्या संघीय महामार्ग कायद्याने पन्नास हजारांवर वस्तीच्या प्रत्येक शहरी भागात सर्व स्थानिक संस्थांनी मिळून सतत, सर्वंकष नियोजन करणे ही संघीय निधीची अट केली. त्या अटीखाली हे कमिशन किमान वीस वर्षांचा दीर्घ आराखडा आणि जवळच्या काही वर्षांचा कामांचा कार्यक्रम तयार करते. या कार्यक्रमात नसलेल्या कामाला संघीय पैसा मिळत नाही, म्हणून कमिशनच्या बैठकांना सगळे येतात.

पण कमिशनला कर लावता येत नाही. राज्याचा इंधन कर भरपूर जमतो, तर राज्यघटनेनेच तो रस्ते आणि पूल यांपुरता बांधून ठेवला आहे. मग बस आणि रेल्वे चालवायची कशावर? स्थानिक विक्रीकरावर. आणि विक्रीकर लावायचा तर काउंटीच्या मतदारांची संमती हवी. सगळ्या प्रकरणाची गाठ इथे बसलेली आहे: नियोजन विभागाचे, पैसा काउंटीचा, आणि प्रवासी दोन्हींच्या सीमा न पाहता रोज तिसरीकडे जाणारा.

मार्टा ही इथली मुख्य बस आणि रेल्वे सेवा. १९६५ मध्ये तिचा कायदा झाला तेव्हा अटलांटा शहर आणि पाच काउंट्या मिळून ती चालवतील अशी कल्पना होती. कॉब काउंटीने त्याच वर्षी अंग काढून घेतले. नोव्हेंबर १९७१ मध्ये उरलेल्यांत कर लावण्यावर मतदान झाले. फुल्टन आणि डीकाल्ब 'हो' म्हणाल्या, क्लेटन आणि ग्विनेट 'नाही'. या नकारांत वंशभेदाचा वाटा मोठा होता. शहरातले काळे लोक रेल्वेने आपल्या उपनगरांत येतील ही भीती तेव्हा उघड बोलली जात होती. फुल्टन आणि डीकाल्बच्या लोकांनी मात्र एक टक्का कर स्वीकारला, बदल्यात तिकीट ४० सेंटवरून १५ सेंटवर आले, आणि १९७९ मध्ये पहिली गाडी धावली. ग्विनेटने १९९० मध्ये पुन्हा एकदा नकार दिला. या सगळ्या काळात राज्याने मार्टाला चालू खर्चासाठी नियमित पैसा दिला नाही.

म्हणजे २०१२ उजाडले तेव्हा दोन काउंट्या चाळीस वर्षे कर भरत होत्या, बाकीच्या भरत नव्हत्या, आणि विमानतळापासून कार्यालयांच्या पट्ट्यापर्यंतच्या त्या रेल्वेचा लाभ मात्र सगळा विभाग घेत होता. हे देणे कोणत्याही वहीत लिहिलेले नव्हते, पण डीकाल्बमधल्या मतदाराला ते पाठ होते.

आणखी एक घटना विसरता येत नाही. क्लेटन काउंटीची स्वतःची छोटी बससेवा होती, सी-ट्रान. खर्च झेपत नाही म्हणून काउंटीने ३१ मार्च २०१० रोजी ती बंद केली. ज्यांच्याकडे गाडी नाही अशा हजारो लोकांचे कामावर जाणे एका रात्रीत अवघड झाले. शेजारच्या काउंटीत मार्टा धावत होती. पण सीमारेषा ती सीमारेषा.

नियोजनाच्या बाजूने प्रयत्न होत नव्हते असे नाही. २००८ मध्ये विभागातल्या संस्थांनी मिळून 'कॉन्सेप्ट ३' नावाचा सार्वजनिक वाहतुकीचा प्रादेशिक आराखडा स्वीकारला. कोणत्या मार्गावर रेल्वे, कुठे जलद बस, सगळे नकाशावर होते. त्यासाठी पैसा कुठून येणार हे मात्र त्यात नव्हते, आणि ही सेवा एकत्रितपणे कोण चालवणार हेही नव्हते.

कायदा

२०१० मध्ये राज्याने पैशाची बाजू सोडवायला घेतली. त्याआधी काही अधिवेशनांत अशी विधेयके अडली होती. शेवटी जूनमध्ये राज्यपाल सॉनी पर्ड्यू यांनी ट्रान्स्पोर्टेशन इन्व्हेस्टमेंट ॲक्टवर सही केली. राज्याचे बारा विभाग पाडले. प्रत्येक विभागात स्थानिक पुढाऱ्यांची गोलमेज परिषद बसेल, ती प्रकल्पांची यादी ठरवेल, आणि मग त्या यादीसह दहा वर्षांच्या एक टक्का विक्रीकरावर विभागात मतदान होईल. स्थानिक भाषेत या कराचे नाव टी-स्प्लॉस्ट.

कायद्यातली तीन कलमे पुढच्या सगळ्याला कारण झाली.

पहिले, मते काउंटीनुसार नव्हे तर विभागभर एकत्र मोजायची. बहुमत झाले तर 'नाही' म्हटलेल्या काउंटीलाही कर लागू, आणि बहुमत हुकले तर 'हो' म्हटलेल्या शहरालाही काही मिळणार नाही. प्रादेशिक दृष्टीने हे धाडसी आणि तत्त्वतः योग्य. १९७१ चा तुकड्यातुकड्यांचा अनुभव टाळण्याचा हा मार्ग होता.

दुसरे, विभागाने काय केले त्यावर राज्याच्या रस्ते अनुदानातला स्थानिक हिस्सा ठरणार. कर मंजूर झाला तर स्थानिक संस्थांनी १० टक्के भरायचे, मतदारांनी नाकारला तर दोन वर्षे ३० टक्के. आणि गोलमेज परिषदेला यादीच ठरवता आली नाही तर ५० टक्के. हे शेवटचे कलम वाचले की ऑक्टोबर २०११ च्या त्या एकमताकडे पाहण्याची नजर बदलते. यादी न करण्याची शिक्षा सर्वांत कडक होती. मतदारांसमोर हरण्यापेक्षा आपसांत भांडणे महाग पडणार होते, तेव्हा भांडणे कोणालाच परवडणारे नव्हते.

तिसरे कलम मार्टाबद्दलचे. या करातला पैसा मार्टाच्या आधीपासून चालू असलेल्या सेवेच्या चालू खर्चाला वापरता येणार नाही. नवे बांधा, जुने दुरुस्त करा, पण आज धावणाऱ्या बसच्या चालकाचा पगार यातून द्यायचा नाही. विधिमंडळात मते जमवताना ही तडजोड लागली असणार हे समजते. पण ज्या दोन काउंट्यांच्या मतांशिवाय कौल जिंकणे अशक्य होते, त्यांनाच ही गोष्ट सर्वांत जास्त झोंबणार होती.

यादी

अटलांटा विभागात दहा वर्षांत सुमारे ७२० कोटी डॉलर जमतील असा अंदाज होता. त्यातले ८५ टक्के, म्हणजे ६१४ कोटी, प्रादेशिक यादीसाठी. उरलेले १५ टक्के लोकसंख्या आणि रस्त्यांची लांबी पाहून थेट स्थानिक संस्थांना. त्याचे काय करायचे ते त्यांनी ठरवावे. इतर अकरा विभागांत हा थेट हिस्सा २५ टक्के होता.

स्थानिक संस्थांनी आपापल्या मागण्या पाठवल्या तेव्हा बेरीज दोन हजार कोटी डॉलरच्या वर गेली. तिला ६१४ कोटींपर्यंत खाली आणण्याचे काम गोलमेजच्या पाच जणांच्या कार्यकारी समितीकडे आले. उन्हाळाभर बैठका झाल्या, ऑगस्टमध्ये मसुदा निघाला. काम प्रामाणिकपणे झाले असे त्या वेळच्या विरोधकांपैकीही अनेक जण मान्य करत. प्रश्न प्रामाणिकपणाचा नव्हताच. एकवीस जणांपैकी प्रत्येकाला घरी जाऊन 'आपल्याला काय मिळाले' हे सांगायचे होते. पंगतीत वाढप्याने कोणाचेही पान कोरडे राहू नये एवढेच पाहावे, तशी यादी होत गेली.

शेवटी सुमारे ५२ टक्के रक्कम सार्वजनिक वाहतुकीला आणि बाकी बहुतेक रस्त्यांना गेली. अटलांटाच्या बेल्टलाइनवरच्या, म्हणजे शहराभोवतीच्या जुन्या लोहमार्गांच्या वर्तुळावरच्या, रेल्वेसाठी सुमारे ६० कोटी डॉलर. एमरी विद्यापीठ आणि रोगनियंत्रण केंद्राच्या परिसरात जाणाऱ्या क्लिफ्टन मार्गासाठी ७० कोटी. मार्टाच्या जुन्या यंत्रणेच्या दुरुस्तीसाठी मोठी रक्कम. आणि असंख्य चौपदरीकरणे, महामार्गांना जोडणारे चौक, पूल.

कॉबचा प्रकल्प या प्रक्रियेचा चांगला नमुना आहे. आधी तो शहरापासून कॉबपर्यंतच्या रेल्वेच्या रूपात मांडला गेला. कॉबमधल्या मतदारांनी डोळे वटारल्यावर रेल्वे जाऊन जलद बस आली, आकडा ६८.९ कोटींवर उतरला, आणि सुटलेला पैसा रस्त्यांकडे वळला. आता रेल्वे हवी असणाऱ्यांना वाटले फसवणूक झाली. रेल्वे नको असणाऱ्यांना वाटले बसच्या आड रेल्वेच येते आहे. तडजोड झाली, पण तिचा धनी कोणीच उरला नाही.

दक्षिण डीकाल्बमध्ये याहून वाईट झाले. पूर्वेकडच्या आय-२० महामार्गालगत रेल्वे नेण्याचे आश्वासन तिथे जुने होते. काळ्या बहुसंख्येचा, चाळीस वर्षे एक टक्का भरत आलेला हा भाग. यादीत त्यांच्या वाट्याला रेल्वे आली नाही, २२.५ कोटींची बससेवा आली. तीही दुसरा एक टक्का भरून. कधीच काही न भरलेल्या काउंट्यांना पहिल्याच टक्क्यात मोठे प्रकल्प, आणि आपल्याला दोन टक्क्यांत बस, हा हिशेब समजायला तज्ज्ञ लागत नव्हता.

कोण चालवणार?

पण माझ्या मते सर्वांत मोठी पोकळी वेगळीच होती. यादीतल्या अर्ध्याहून जास्त रकमेतून बस आणि रेल्वे उभी राहणार होती, आणि ती कोणती संस्था चालवणार हे ठरले नव्हते. मार्टा? मग ज्या काउंट्या मार्टाच्या सदस्य नाहीत त्यांचा तिच्या मंडळात आवाज काय? नवी प्रादेशिक संस्था? मग चाळीस वर्षांत फुल्टन आणि डीकाल्बच्या पैशाने उभी राहिलेली मार्टाची मालमत्ता तिच्याकडे जाणार का, आणि जाणार तर किती मोबदल्यात? कर दहा वर्षांचा होता. रेल्वे पन्नास वर्षे चालते. अकराव्या वर्षी चालू खर्च कोणाच्या खिशातून?

हे प्रश्न कोणाला सुचले नव्हते असे नाही. राज्यपाल नेथन डील यांनी २०११ मध्ये याच कामासाठी कृती गट नेमला. प्रादेशिक वाहतूक संस्थेचे विधेयक २०१२ च्या अधिवेशनात यावे, म्हणजे जुलैच्या मतदानाआधी चित्र स्पष्ट होईल, अशी अपेक्षा होती. विधेयक आले आणि मंजूर न होता अधिवेशन संपले. प्रतिनिधित्वावर एकमत झाले नाही: मतांचे वजन पैसे भरण्यावर, लोकसंख्येवर की काउंटीगणिक समान, हा पेच सुटला नाही.

गोलमेज परिषदेने पैशाची वाटणी केली होती, अधिकाराची नाही. पैसा वाढवून सर्वांना थोडा थोडा देता येतो. मंडळावरची जागा एकाला दिली की दुसऱ्याची जाते. सोपा समन्वय आधी झाला, अवघड समन्वय पुढे ढकलला, आणि मतदाराकडे दोन्हींच्या मध्ये हात पसरला गेला.

कौल

मतदान नोव्हेंबरच्या अध्यक्षीय निवडणुकीबरोबर घ्यावे, असा प्रयत्न २०११ च्या विशेष अधिवेशनात झाला होता. नोव्हेंबरात शहरी आणि तरुण मतदार जास्त येतात हे उघड गणित होते, आणि ते तितकेच उघडपणे हाणून पाडले गेले. तारीख जुलैच्या प्राथमिक निवडणुकीचीच राहिली. तिथे येणारा मतदार वयाने मोठा, उपनगरातला आणि करांना कंटाळलेला.

मतपत्रिकेवर प्रश्नाच्या वर एक प्रस्तावनेचे वाक्य छापले होते: रोजगार निर्माण करणारे, कोंडी कमी करणारे प्रकल्प, नागरिकांच्या देखरेखीसह. विरोधकांनी याला मतपत्रिकेवरची जाहिरात म्हटले. मला ते पटते. आणि अशी जाहिरात उलटी पडते, कारण ज्याला शंका आहे त्याची शंका ती पक्की करते.

शंकेला खाद्य बाहेरूनही मिळत होते. जॉर्जिया ४०० या महामार्गावरचा पथकर रोखे फिटल्यावर २०११ मध्ये बंद होईल असे आश्वासन होते. २०१० मध्ये नवे रोखे काढून तो पुढे वाढवण्यात आला. मतदानाला थोडेच दिवस उरले असताना राज्यपालांनी तो बंद करण्याची घोषणा केली, आणि तो खरोखर बंद झाला तो नोव्हेंबर २०१३ मध्ये. घोषणेची वेळ पाहून लोकांना आश्वासनापेक्षा मोडलेले आश्वासनच आठवले. ऑक्टोबर २०११ मध्ये आय-८५ वरच्या सामायिक प्रवासाच्या मार्गिका पैसे घेऊन वापरायच्या मार्गिका झाल्या, तेव्हा ग्विनेटकडच्या प्रवाशांचा संताप ताजा होता. 'दहा वर्षांनी कर बंद होईल' हे वाक्य अशा हवेत कोण खरे मानणार?

विरोधात कोण कोण होते ते पाहण्यासारखे आहे. करविरोधी उजव्या टी पार्टी चळवळीचे कार्यकर्ते: कर नको, रेल्वे तर नकोच. काळ्यांच्या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपीची डीकाल्ब शाखा: दुसरा टक्का भरूनही आम्हाला रेल्वे नाही. आणि सिएरा क्लब या पर्यावरणवादी संघटनेची जॉर्जिया शाखा: रस्ते रुंदीकरणाने शहराचा पसारा आणखी वाढेल, सार्वजनिक वाहतुकीचा हिस्सा पुरेसा नाही. एरवी एका खोलीत न बसणारे हे तिघे एकाच बाजूला आले, ते तीन वेगवेगळ्या कारणांसाठी. यादी सगळ्यांना थोडे देणारी होती, त्यामुळे प्रत्येकाला तिच्यात न आवडणारेही काहीतरी सापडले. समर्थन मात्र तसे वाटून मिळत नाही. ज्याला आपला एक चौक मिळाला, तो त्या चौकासाठी बाकीचे १५६ गिळायला तयार होत नाही.

अटलांटा शहराच्या हद्दीत बहुमत बाजूने पडले. पण मोजणी विभागाची होती, आणि उपनगरांनी निकाल लावला. राज्यपालांनी पुन्हा असा प्रादेशिक कौल घेण्यास आपला पाठिंबा नसेल असे लगेच सांगून टाकले.

जिथे जमले

त्याच दिवशी बारापैकी तीन विभागांत हाच कायदा, हाच कर मंजूर झाला: ऑगस्टाभोवतीचा सेंट्रल सव्हाना रिव्हर विभाग, कोलंबसभोवतीचा रिव्हर व्हॅली आणि ग्रामीण हार्ट ऑफ जॉर्जिया-अल्तमाहा. दहा वर्षे होत आली तेव्हा तिन्हींनी पुन्हा मतदान करून कर चालू ठेवला, पहिल्या व तिसऱ्याने २०२० मध्ये, रिव्हर व्हॅलीने २०२२ मध्ये. म्हणजे मंदी, टी पार्टी, अविश्वास ही कारणे तिथेही होतीच. तरी तिथे जमले.

यातून 'यादी छोटी ठेवा' असा सोपा निष्कर्ष काढता येत नाही, कारण आकडे तो टिकू देत नाहीत. रिव्हर व्हॅलीच्या यादीत २३ प्रकल्प होते, ऑगस्टाच्या ८४, आणि हार्ट ऑफ जॉर्जियाच्या तब्बल ७६४. सतरा ग्रामीण काउंट्यांत गल्लीबोळांचे डांबरीकरण वाटले गेले, यापेक्षा जास्त वाटणी काय असणार! वाटणीची यादी म्हणून ती हरली नाही. प्रत्येक माणसाला स्वतःच्या घरापुढचा रस्ता यादीत दिसत होता, हे एक. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे काम झाल्यावर तो रस्ता कोणाचा, कोण राखणार, हा प्रश्न तिथे पडतच नव्हता. रस्ता आधीपासून काउंटीचा किंवा राज्याचा होता आणि तसाच राहणार होता. कोणाचे कोणावर चाळीस वर्षांचे देणेही नव्हते. डांबराला संचालक मंडळ लागत नाही.

अटलांटात नेमक्या याच दोन गोष्टी उलट होत्या. तोच कायदा दोन्हीकडे लावताना हा फरक कोणी मोजला नाही.

त्यानंतर

पराभवानंतर विभागाने एकत्र जाणे सोडले आणि ज्याला जमेल त्याने एकट्याने जावे असा काळ सुरू झाला. नोव्हेंबर २०१४ मध्ये क्लेटनने, म्हणजे १९७१ मध्ये नकार देणाऱ्या आणि २०१० मध्ये आपली बससेवा बंद केलेल्या त्याच काउंटीने, मार्टात येण्यासाठी पूर्ण एक टक्का कर जवळजवळ तीन-चतुर्थांश मतांनी मंजूर केला. मार्च २०१५ मध्ये तिथे मार्टाच्या बस धावू लागल्या. प्रश्न साधा होता: एवढा कर, ही संस्था, ही सेवा.

२०१५ मध्ये राज्याने इंधन कर वाढवून रस्त्यांसाठी वर्षाला ९० कोटी डॉलरच्या आसपास जास्तीची सोय केली आणि एकेकट्या काउंटीला आपला वाहतूक कर लावण्याची मुभा दिली. रस्त्यांची नड भागली तशी रस्ते आणि रेल्वे एकाच गाडीला जुंपण्याची गरजही संपली. नोव्हेंबर २०१६ मध्ये अटलांटा शहराने मार्टासाठी अर्धा टक्का जास्तीचा कर सत्तर टक्क्यांहून जास्त मतांनी दिला. चाळीस वर्षांत त्यातून २५० कोटी डॉलर येतील असा अंदाज होता. २०१२ च्या यादीतल्या शहरी प्रकल्पांपैकी काही त्यातून पुन्हा पुढे आले.

एकटे जाण्याने सगळे सुरळीत झाले असे मात्र म्हणता येणार नाही. अटलांटाच्या या कार्यक्रमात सतरा प्रकल्प होते, ते २०२३ मध्ये छाटून नऊवर आले, आणि पैसा बांधकामावर गेला की चालू सेवेवर, यावरून शहर आणि मार्टा यांच्यात वाद पेटला. २०१० च्या कायद्यातले ते मार्टाबद्दलचे कलम ज्या भीतीतून आले, ती भीती सर्वस्वी निराधार नव्हती, असे यावरून कोणी म्हटले तर मी त्याला खोडून काढणार नाही.

संस्थेचा प्रश्न शेवटी २०१८ मध्ये हातात घेतला गेला. राज्यपाल डील यांनीच, आपल्या शेवटच्या वर्षात, तेरा काउंट्यांसाठी अटलांटा-रीजन ट्रान्झिट लिंक अथॉरिटी, थोडक्यात 'एटीएल', स्थापण्याच्या कायद्यावर सही केली. तिच्या मंडळातले दहा सदस्य ज्या मतदारसंघांतून येतात ते मुद्दाम काउंट्यांच्या सीमा ओलांडून आखले आहेत. सहा वर्षांपूर्वी ज्या पेचावर विधेयक मोडले, त्याला दिलेले हे उत्तर आहे आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत हुशार कल्पना. प्रादेशिक वाहतूक आराखडा आता हे प्राधिकरण मंजूर करते, आणि काउंटीने कौल मागायचा तर तिची प्रकल्प यादी या आराखड्यातूनच यावी लागते.

पण कर लावायचा की नाही हे काउंटीच्याच हाती ठेवले. २०१२ मध्ये पैसा प्रादेशिक होता आणि संस्था नव्हती; २०१८ मध्ये संस्था प्रादेशिक झाली आणि पैसा पुन्हा काउंटीत गेला. ग्विनेटने मार्च २०१९ मध्ये मार्टात येण्यास सुमारे ५४ टक्क्यांनी नकार दिला. नोव्हेंबर २०२० मध्ये तिथे वाहतूक कराचा नवा प्रस्ताव केवळ हजारेक मतांनी पडला. नोव्हेंबर २०२४ मध्ये ग्विनेट आणि कॉब दोन्हींनी, तेही अध्यक्षीय निवडणुकीच्या गर्दीत, पुन्हा नाही म्हटले. कॉबमध्ये तर साठ टक्क्यांहून जास्त मतांनी. मार्टाचा कर भरणाऱ्या काउंट्या त्यामुळे तीनच राहिल्या: फुल्टन, डीकाल्ब आणि क्लेटन.